इलिनॉयने फेडरल शिष्यवृत्ती टॅक्स क्रेडिटमध्ये सहभागी का व्हावे

नेपरव्हिलमध्ये राहणाऱ्या एका मराठी पालकांनी विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. अमेरिकेत २०२७ पासून लागू होणाऱ्या शिष्यवृत्ती टॅक्स क्रेडिटमध्ये, म्हणजे शिष्यवृत्ती संस्थेला दिलेली देणगी थेट करातून वजा होण्याच्या सवलतीत, सहभागी व्हायचे की नाही, हे प्रत्येक राज्याने ठरवायचे आहे. त्यांची मुले पब्लिक (म्हणजे सरकारी) शाळेत शिकतात, शाळा उत्तम आहे, आणि तिथले शिक्षक व काही शेजारी म्हणतात की ही योजना पब्लिक शाळांचा पैसा खासगी शाळांकडे वळवण्यासाठी आहे. तरीही ओळखीच्या काही कुटुंबांना तिचा उपयोग होईल असे त्यांना वाटते. तेव्हा राज्याने सहभागी व्हावे असे पत्र गव्हर्नरना लिहावे का, आणि लिहायचे तर कोणत्या आधारावर, असे त्यांनी विचारले आहे.

माझे उत्तर 'जरूर लिहावे' असे आहे. कर सल्लागार म्हणून काम करताना, आणि शिष्यवृत्ती देणाऱ्या संस्थांचे हिशेब जवळून पाहिल्यानंतर, या विषयावर माझे मत ठाम झाले आहे. मात्र या योजनेच्या बाजूने जे युक्तिवाद सर्वांत मोठ्या आवाजात केले जातात, ते मला सर्वांत भक्कम वाटत नाहीत. म्हणून आधी कायदा नेमका काय सांगतो ते पाहू.

४ जुलै २०२५ रोजी राष्ट्राध्यक्षांच्या सहीने अस्तित्वात आलेल्या मोठ्या कर कायद्याने आयकर संहितेत कलम २५एफ घातले. त्यानुसार अमेरिकेचा नागरिक किंवा रहिवासी असलेली व्यक्ती मान्यताप्राप्त शिष्यवृत्ती संस्थेला रोख देणगी देईल, तर वर्षाला १,७०० डॉलरपर्यंतची पूर्ण रक्कम तिच्या फेडरल (केंद्र सरकारच्या) करातून वजा होईल. नेहमीच्या धर्मादाय देणगीपेक्षा हे फार वेगळे आहे. बावीस टक्क्यांच्या टप्प्यातील माणसाने १,७०० डॉलरची साधी देणगी देऊन वजावट घेतली, तर त्याचा कर ३७४ डॉलरने कमी होतो. इथे तो पूर्ण १,७०० डॉलरने कमी होतो. ज्याचा वर्षाचा फेडरल कर ९,००० डॉलर आहे, तो ७,३०० डॉलर सरकारला देईल आणि १,७०० डॉलर कुणाच्या तरी मुलाच्या शिक्षणाला. कर तेवढा नसेल तर उरलेले क्रेडिट पुढील पाच वर्षांत वापरता येते, परंतु ते परतावा म्हणून हाती मिळत नाही.

संस्थेवर कायद्याने बऱ्याच अटी घातल्या आहेत. ती ५०१(सी)(३) प्रकारची धर्मादाय संस्था असली पाहिजे, तिने उत्पन्नाचा किमान नव्वद टक्के भाग शिष्यवृत्तीवर खर्च केला पाहिजे, दहा किंवा अधिक विद्यार्थ्यांना मदत केली पाहिजे आणि ते सगळे एकाच शाळेतले असता कामा नयेत. कुटुंबाचे उत्पन्न त्या भागातील मध्यम उत्पन्नाच्या (निम्मी कुटुंबे ज्याच्या वर आणि निम्मी खाली असतात त्या रकमेच्या) तिपटीपेक्षा जास्त नसावे आणि त्याची पडताळणी संस्थेनेच करायची आहे. आदल्या वर्षी शिष्यवृत्ती मिळालेल्या मुलांना आणि त्यांच्या भावंडांना प्राधान्य द्यावे लागते. देणगीदाराला आपला पैसा एका ठरावीक मुलासाठी राखून ठेवता येत नाही, हे विशेष लक्षात ठेवावे. 'मी संस्थेला १,७०० देतो, तुम्ही माझ्या मुलीची फी भरा' असा व्यवहार इथे चालणार नाही.

राज्याची भूमिका याच ठिकाणी येते. गव्हर्नर, किंवा राज्याच्या कायद्याने ज्यांना हा अधिकार दिला असेल ते, सहभागाचा निर्णय घेतात आणि पात्र संस्थांची यादी फेडरल अर्थखात्याला देतात. ज्या राज्याने यादी दिली नाही, त्या राज्यातील संस्थांना दिलेल्या देणगीवर हे क्रेडिट मिळत नाही. मात्र कर भरणारा कोणत्या राज्यात राहतो याला कायद्याने बंधन घातलेले नाही, आणि माझ्या संपूर्ण युक्तिवादाचा आधार हाच आहे.

समजा इलिनॉयने नकार दिला. नेपरव्हिलमधील अभियंत्याला, शॉमबर्गमधील डॉक्टरला किंवा अरोरामधील दुकानदाराला हे क्रेडिट घेण्याची मुभा तरीही राहीलच. ते आपली देणगी टेनेसीतील किंवा नेब्रास्कातील संस्थेला देतील, कारण त्या राज्यांनी सहभाग आधीच जाहीर केला आहे. त्यांचा फेडरल कर तितकाच कमी होईल, आणि शिष्यवृत्ती मात्र नॅशव्हिल किंवा ओमाहा इथल्या मुलाला मिळेल. इलिनॉयच्या पब्लिक शाळांच्या तिजोरीत या नकारामुळे एक डॉलरही जास्त येणार नाही, कारण हा पैसा राज्याच्या तिजोरीतला नव्हताच. राज्य सहभागी नसले तर देणगी देणारे इलिनॉयकर थोडे कमी होतील आणि फेडरल महसुलातली तूट तितकी कमी राहील, हे खरे आहे. पण वाचलेला तो पैसा शिकागोच्या शाळांकडे परत येत नाही. म्हणजे नकाराची किंमत इलिनॉयची मुले देतील आणि तिचा लाभ इलिनॉयच्या कोणत्याही शाळेला होणार नाही. 'हा पब्लिक शाळांचा पैसा आहे' असे म्हणणाऱ्यांना मी अत्यंत आदराने हेच विचारतो की तो पैसा कोणत्या अर्थसंकल्पातील, कोणत्या खात्यातून निघतो ते दाखवावे.

इलिनॉयमध्ये हा प्रश्न अधिक हळवा आहे, त्याला इतिहास आहे. ऑगस्ट २०१७ मध्ये राज्याने शाळांच्या अनुदानाची पद्धत मुळापासून बदलली आणि त्याच तडजोडीच्या कायद्यात 'इन्व्हेस्ट इन किड्स' ही शिष्यवृत्ती योजना आली. देणगीच्या पंचाहत्तर टक्के इतके क्रेडिट राज्याच्या आयकरात मिळत असे आणि सर्व देणगीदारांना मिळून वर्षाची कमाल मर्यादा ७.५ कोटी डॉलर होती. २०२३ च्या अखेरीस विधिमंडळाने तिला मुदतवाढ दिली नाही आणि ती संपली. हजारो मुलांची शिष्यवृत्ती त्यानंतर थांबली. त्यांत शिकागोच्या दक्षिण आणि पश्चिम भागातील अनेक कुटुंबे होती, ज्यांनी मोठ्या कष्टाने मुलांसाठी जवळची कॅथलिक किंवा अन्य छोटी शाळा निवडली होती. मध्यावर शाळा बदलावी लागणे म्हणजे काय, हे ज्यांनी शाळकरी मूल वाढवले आहे त्यांना मी वेगळे सांगायला नको.

त्या वेळी विरोधकांचा मुख्य मुद्दा असा होता की राज्याच्या तिजोरीचे नुकसान होते, आणि तो पैसा नव्या अनुदान सूत्रातून गरीब शालेय जिल्ह्यांना (पब्लिक शाळा चालवणाऱ्या स्थानिक संस्थांना) द्यायला हवा. तो मुद्दा मला आजही गंभीर वाटतो, कारण पंचाहत्तर टक्के क्रेडिट खरोखरच राज्याच्या महसुलातून जात होते. नव्या फेडरल क्रेडिटला मात्र तो लागू पडत नाही. जुन्या योजनेच्या संपूर्ण वर्षाच्या मर्यादेइतकी रक्कम उभी करायला प्रत्येकी १,७०० डॉलर देणारे सुमारे ४४ हजार करदाते पुरेसे आहेत, आणि एक लाख करदात्यांनी पूर्ण देणगी दिली तर १७ कोटी डॉलर होतात. लाखो आयकर विवरणपत्रे भरली जाणाऱ्या राज्यात ही संख्या अशक्य नाही. २०१७ च्या अनुदान सूत्रात प्रत्येक जिल्ह्याला आदल्या वर्षाइतका किमान पाया राखून मिळतो. त्यामुळे काही मुले शाळा बदलून गेली तर त्या जिल्ह्याचे राज्य अनुदान लगेच कोसळते, हे चित्रही इलिनॉयपुरते बरोबर नाही. पटसंख्येशी बांधलेल्या काही फेडरल निधींवर परिणाम होऊ शकतो, ते मी नाकारत नाही.

शिवाय पालकांच्या शैक्षणिक खर्चासाठी करात सवलत देणे इलिनॉयला नवे नाही. राज्याच्या आयकर विवरणपत्रात शालेय खर्चाचे क्रेडिट गेली पंचवीस वर्षे आहे: २५० डॉलरच्या वरच्या खर्चाचा चौथा भाग, आज जास्तीत जास्त ७५० डॉलर. ते खासगी शाळेच्या फीलाही मिळते आणि पब्लिक शाळेच्या काही शुल्कांनाही. माझ्याकडे येणारे अनेक मराठी पालक बँड किंवा प्रयोगशाळेच्या शुल्कावर ते नियमित घेतात, आणि तरीही शिष्यवृत्ती क्रेडिटचे नाव निघाले की ही कल्पना आपल्या राज्यात कधी नव्हतीच अशा सुरात बोलतात.

विरोधात आणखी एक गोष्ट सांगितली जाते, की मतदारांनीच अशा योजना नाकारल्या आहेत. नेब्रास्कात नोव्हेंबर २०२४ मध्ये मतदारांनी राज्याच्या पैशाने चालणारी खासगी शाळांची शिष्यवृत्ती योजना खरोखर रद्द केली, आणि तरी पुढच्या वर्षी तिथल्या गव्हर्नरनी फेडरल क्रेडिटमध्ये सहभाग जाहीर केला. काहींना ही मतदारांशी प्रतारणा वाटते. मला वाटते की राज्याचा महसूल खर्च करू नका हा मतदारांचा निर्णय वेगळा, आणि फेडरल क्रेडिटमधून येणारी देणगी राज्यात येऊ द्यायची की नाही हा निर्णय वेगळा. हा भेद पक्षाच्या पलीकडचा आहे. कोलोरॅडोचे डेमोक्रॅट गव्हर्नर जॅरेड पोलिस यांनी सहभागाची तयारी उघडपणे दाखवली. नॉर्थ कॅरोलायनाचे डेमोक्रॅट गव्हर्नर जॉश स्टाइन यांनी विधिमंडळाने पाठवलेले सहभागाचे विधेयक नकाराधिकार वापरून परत पाठवले, पण फेडरल नियम स्पष्ट झाल्यावर सहभागी होण्याचा आणि त्यातून पब्लिक शाळांतील मुलांना मदत करण्याचा आपला इरादाही त्याच वेळी सांगितला. इलिनॉयच्या गव्हर्नरना पत्र लिहिताना टेनेसीपेक्षा या दोघांचा दाखला द्यावा.

पब्लिक शाळांतील मुलांचा उल्लेख मी मुद्दाम केला, कारण या कायद्यातील सर्वांत कमी बोलला जाणारा आणि माझ्या मते सर्वांत मोलाचा भाग तोच आहे. शिष्यवृत्तीतून कोणता खर्च चालेल याची व्याख्या कायद्याने कव्हरडेल शैक्षणिक बचत खात्याच्या जुन्या तरतुदीतून घेतली आहे. तिच्यात शाळेच्या फीबरोबरच खासगी शिकवणी, विशेष गरजा असलेल्या मुलांसाठीच्या सेवा, पुस्तके, साहित्य, संगणक, गणवेश आणि वाहतूक येते. आणि शाळा पब्लिक, खासगी किंवा धार्मिक असू शकते. म्हणजे एल्जिन किंवा वॉकीगनमधील पब्लिक शाळेत सहावीत असलेल्या, वाचनात मागे पडलेल्या मुलीला त्याच शाळेत राहून आठवड्याला दोन तासांची शिकवणी या पैशातून मिळू शकते. अशी मदत देणारी संस्था मात्र कुणीतरी उभी करायला हवी. सहभागाला विरोध करण्यात जी ताकद खर्च होते, तिचा थोडा भाग पब्लिक शाळांच्या पाठीराख्यांनी अशा शिकवणी संस्था उभारण्यात घातला, तर या योजनेचा मोठा वाटा त्यांच्याच विद्यार्थ्यांकडे जाईल. त्यांनी बाजूला राहायचे ठरवले, तर मैदान आपोआप फक्त खासगी शाळांच्या संस्थांकडे राहील.

विशेष गरजा असलेल्या मुलांच्या पालकांना इथे एक इशारा देणे मी माझे कर्तव्य समजतो. पब्लिक शाळेतील मुलाला फेडरल कायद्याने वैयक्तिक शिक्षण योजनेचा, म्हणजे आयईपीचा, हक्क मिळतो आणि तो तक्रार करून बजावता येतो. पालकांनी स्वतःहून मुलाला खासगी शाळेत घातले की हा वैयक्तिक हक्क राहत नाही. जिल्हा देईल त्या मर्यादित सेवांवर भागवावे लागते. शिष्यवृत्तीची रक्कम पाहून घाईने शाळा बदलू नये. अशा कुटुंबांनी बहुधा पब्लिक शाळेत राहून, आयईपी कायम ठेवून, शिष्यवृत्तीतून जादा स्पीच थेरपी किंवा शिकवणी घेणे हिताचे ठरते.

आता उरलेल्या आक्षेपांबद्दल. खासगी शाळा मुले निवडून घेतात, हा आक्षेप खरा आहे. उत्पन्नाची मर्यादा सैल आहे, हाही खरा आहे; मध्यम उत्पन्नाच्या तिप्पट म्हणजे शिकागोच्या उपनगरांतील बरीच सुखवस्तू कुटुंबे पात्र ठरतात. अन्नछत्राला दिलेल्या देणगीवर फक्त वजावट आणि शिष्यवृत्तीला दिलेल्या देणगीवर पूर्ण क्रेडिट, ही विषमता मलाही खटकते. परंतु हे तिन्ही आक्षेप काँग्रेसने (अमेरिकी संसदेने) केलेल्या कायद्यावर आहेत आणि राज्याच्या नकाराने त्यांतला एकही दूर होत नाही. गरिबांना आधी मदत करणे संस्थांच्या हाती मात्र नक्की आहे, कारण आदल्या वर्षीची मुले आणि भावंडे यांच्यानंतर कुणाला प्राधान्य द्यायचे ते संस्था ठरवू शकते. राज्याला संस्थांवर स्वतःच्या जादा अटी कितपत घालता येतील हे फेडरल अर्थखात्याच्या नियमांवर अवलंबून आहे, म्हणून पत्रात 'राज्य सर्व काही नियंत्रित करील' असे आश्वासन देऊ नये.

धार्मिक शाळांचा प्रश्न न्यायालयांनी बऱ्याच अंशी निकाली काढला आहे. ॲरिझोनाने १९९७ मध्ये अशी पहिली योजना आणली आणि २०११ मध्ये फेडरल सर्वोच्च न्यायालयाने त्याच योजनेच्या खटल्यात पाच विरुद्ध चार मतांनी सांगितले की क्रेडिट म्हणून करदात्याच्या हाती राहिलेला पैसा हा सरकारी खर्च नव्हे. २०२० मध्ये मोंटानाच्या खटल्यात अशा योजनेतून धार्मिक शाळांना वगळता येणार नाही असा निकाल झाला. आपल्या पत्रात हा वाद उकरून काढण्याची गरज नाही.

परिणामांबद्दल प्रामाणिक राहावे. फ्लोरिडातील टॅक्स क्रेडिट शिष्यवृत्तीवरील संशोधनात, स्पर्धा वाढलेल्या भागांतील पब्लिक शाळांच्या मुलांची कामगिरी किंचित सुधारल्याचे आढळले. लुईझियानाच्या व्हाउचर योजनेत (सरकारी पैशातून खासगी शाळेची फी भरण्याच्या योजनेत) मात्र खासगी शाळांत गेलेल्या मुलांचे गणिताचे गुण सुरुवातीच्या वर्षांत स्पष्टपणे घसरले. 'शाळा निवडता आली की गुण वाढतातच' असे विधान करणारे पत्र मी कुणालाही पाठवू देत नाही, कारण ते विधिमंडळाच्या पहिल्याच सुनावणीत टिकणार नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या मनात या योजनेची तुलना महाराष्ट्रातील आरटीईच्या पंचवीस टक्के जागांशी होते आणि ती पूर्णपणे चुकीची नाही. २००९ च्या कायद्याने खासगी शाळांना वंचित व दुर्बल घटकांतील मुलांना प्रवेश देणे बंधनकारक केले आणि त्यांच्या शुल्काची प्रतिपूर्ती राज्याने करायची ठरली. प्रतिपूर्ती थकली म्हणून शाळा नाराज राहतात, हे आपण वर्षानुवर्षे वाचतो. फेब्रुवारी २०२४ मध्ये राज्याने सरकारी शाळेपासून एक किलोमीटरच्या आतील खासगी शाळांना या जबाबदारीतून सूट दिली, आणि जुलैमध्ये मुंबई उच्च न्यायालयाने ती सूट रद्द केली. इथे तशी सक्ती नाही आणि तसा हक्कही नाही. कोणतीही शाळा मूल घ्यायला बांधील नाही, कोणत्याही मुलाला शिष्यवृत्तीचा कायदेशीर हक्क नाही, आणि देणग्या येतील तेवढ्याच शिष्यवृत्त्या असतील. आरटीईच्या अनुभवावरून या योजनेकडे पाहणाऱ्यांनी अपेक्षा त्यानुसार बेताच्या ठेवाव्यात.

मराठी कुटुंबे दोन प्रश्न हमखास विचारतात. एच-१बी व्हिसावर असलेल्यांना क्रेडिट मिळेल का? कायद्याचे शब्द 'नागरिक किंवा रहिवासी' असे आहेत, त्यामुळे जो करासाठी रहिवासी ठरतो तो या शब्दांत बसतो; जो अनिवासी म्हणून विवरणपत्र भरतो तो बसत नाही. मूल पात्र ठरण्यासाठी, उत्पन्नाच्या अटीखेरीज, ते पब्लिक शाळेत प्रवेश घेण्यास पात्र असावे एवढेच कायदा म्हणतो, आणि एच-४ व्हिसावरील (एच-१बी धारकांची) मुले पब्लिक शाळांत शिकतातच. दुसरा प्रश्न रविवारच्या मराठी शाळेच्या फीचा. तो खर्च यात बसेल असे धरून चालू नये, कारण व्याख्या प्राथमिक व माध्यमिक शाळेतील शिक्षणाशी जोडलेली आहे.

पत्र एका पानाचे असावे. आपण कुठे राहता, आपली मुले पब्लिक शाळेत आहेत आणि आपण त्या शाळेचे समर्थक आहात, हे पहिल्या परिच्छेदात लिहावे. सहभागाची मागणी पब्लिक शाळेच्या पालकाकडून आली की तिचे वजन वाढते. दुसऱ्या परिच्छेदात पैसा राज्याबाहेर जाण्याचा मुद्दा १,७०० डॉलरच्या उदाहरणासह मांडावा. तिसऱ्यात शिकवणी आणि विशेष सेवा यांसाठी पब्लिक शाळांतील मुलांना होणारा उपयोग लिहावा आणि अशा संस्था यादीत याव्यात यासाठी राज्याने प्रोत्साहन द्यावे अशी विनंती करावी. शिक्षक संघटनांवर टीका करू नये. गव्हर्नरांबरोबर आपल्या भागाच्या राज्य प्रतिनिधींना आणि सिनेटरनाही प्रत पाठवावी. महाराष्ट्र मंडळाच्या नावाने पत्र पाठवायचे असेल, तर मंडळ ५०१(सी)(३) असल्यास अशा धोरणावर मर्यादित प्रमाणात मत मांडता येते, मात्र उमेदवाराचा प्रचार अजिबात करता येत नाही. मंडळाच्या लेखापालांना आधी विचारावे.

यादी प्रत्येक वर्षाच्या १ जानेवारीपर्यंत द्यायची असते, आणि फक्त पहिल्या वर्षासाठी त्यात थोडी सैल तरतूद आहे. म्हणजे निर्णय दरवर्षी नव्याने घेता येतो; एखाद्या वर्षी राज्य सहभागी झाले नाही तरी पुढच्या वर्षी होऊ शकते, आणि अनुभव वाईट आला तर बाहेरही पडू शकते. गव्हर्नरांच्या कार्यालयाला हा मुद्दा आवर्जून सांगावा. आपली स्वतःची देणगी २०२७ च्या करवर्षात, रोखीनेच, आणि संस्था यादीत असल्याची खात्री करून मगच द्यावी, कारण २०२६ मध्ये दिलेल्या देणगीवर हे क्रेडिट मिळणार नाही.